इंग्रजी शब्द कळतात, परिच्छेद कळत नाही: कॉलेजचं वाचन शिकवायचं कसं?

खडूवाली

नमस्कार मंडळी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी वाचन शिकवते. मुलांची पातळी मध्यम. भाषेच्या पातळ्या मोजणाऱ्या युरोपीय चौकटीत सांगायचं तर बी१ ओलांडलेली, बी२ ला न पोहोचलेली. बोलताना फारशी अडत नाहीत. बातम्या, गोष्टी, मेसेज वाचतात. पण मानसशास्त्राच्या किंवा जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली चार पानं दिली की घोडं अडतं. सुटे शब्द विचारले तर बऱ्याच शब्दांचे अर्थ सांगतात. "मग इथे लेखक काय म्हणतोय?" असं विचारलं की परिच्छेदातलंच एखादं वाक्य उचलून वाचून दाखवतात.

अभ्यासक्रमात कौशल्यांची यादी आहे. स्किमिंग (भरभर नजर फिरवून आशय पकडणं), स्कॅनिंग (हवी तेवढीच माहिती शोधणं), मुख्य विचार ओळखणं, संदर्भावरून अर्थ लावणं, अनुमान काढणं. दर आठवड्याला एक कौशल्य, एक उतारा, दहा प्रश्न. मुलं ते प्रश्न बरे सोडवतात आणि खरं पुस्तक उघडलं की पुन्हा जैसे थे.

माझं मत असं होत चाललंय की ही कौशल्यं सुटी शिकवण्यात काही अर्थ नाही, तो सगळा वेळ शब्दसंग्रहाला द्यावा. सहकाऱ्यांना हे मुळीच पटत नाही. तुमचं काय मत? शिकवणारे, शिकलेले, शिकत असलेले, सगळ्यांनी लिहा.

निवांत

पहिला! आता सावकाश वाचतो.

आकडेमोड

खडूवाली, सहमत. आणि याला आकड्यांचा आधार आहे. १९८९ मध्ये बाटिया लाउफर यांनी मांडलं होतं की मजकुरातले साधारण ९५ टक्के शब्द ओळखीचे असतील तर वाचन बऱ्यापैकी जमतं. पुढे २००० साली हू आणि पॉल नेशन यांच्या अभ्यासात, कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला ९८ टक्के लागतात असं दिसलं.

९५ आणि ९८ मध्ये फरक तो काय, असं वाटेल. ३०० शब्दांच्या पानावर ९५ टक्के म्हणजे १५ अनोळखी शब्द, ९८ टक्के म्हणजे ६. पंधरा ठिकाणी ठेच लागल्यावर मुख्य विचार कोणाच्या लक्षात राहणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

संदर्भावरून अर्थ लावणं हे कौशल्य तर मला सगळ्यात फसवं वाटतं. ज्या संदर्भावरून अर्थ लावायचा, तोच अर्धा अनोळखी असतो.

शंकासुर

दहा प्रश्नांबद्दल बोलू का? खालचा उतारा वाचा आणि उत्तरं द्या.

"झिंपट गुळव्याने सांजेला टमकीला भुरकावले. त्यामुळे टमकी लडबडली."

१) टमकीला कोणी भुरकावले?
२) केव्हा भुरकावले?
३) टमकी का लडबडली?

तिन्ही बरोबर आली ना? अभिनंदन, तुमचं आकलन उत्तम आहे.

निवांत

हसून हसून पुरेवाट! तिसऱ्याचं उत्तर लिहून टाकलं आणि मग लाज वाटली.

सायली_वाचते

शंकासुर, दंडवत. आमचं सगळं शालेय इंग्रजी असंच पार पडलं. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उचलायचं, 'बिकॉज' लावायचं.

पाणिनीचा_शेजारी

आकडेमोड यांचे आकडे बरोबर आहेत, पण खडूवालींच्या मुलांचं दुखणं वेगळंही असू शकतं. त्यांनी लिहिलंय की शब्द विचारले तर अर्थ सांगतात. मग घोडं शब्दांवर अडलेलं नाही, निदान सगळीकडे तरी नाही. ते वाक्यावर अडलंय.

पाठ्यपुस्तकातलं वाक्य कसं असतं बघा. मराठीत लिहितो: "दीर्घकाळ ताण सहन करणाऱ्या पेशींची बिघडलेली प्रथिनं दुरुस्त करण्याची गती तापमानावर अवलंबून असते." मराठीत सगळी विशेषणं 'गती'च्या आधी येतात आणि क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण शेवटपर्यंत थांबायला सरावलेले असतो. इंग्रजीत 'गती' सुरुवातीलाच येते, मग तिला लटकून पेशी, ताण, प्रथिनं, दुरुस्ती यांची रांग लागते आणि खरं क्रियापद दहा-बारा शब्दांनंतर उगवतं. मध्यम पातळीचा वाचक वाटेत जे पहिलं क्रियापदासारखं दिसेल ते मुख्य समजून बसतो. इथे तो 'दुरुस्त करणे' पकडणार. मग त्याच्या डोक्यात वाक्य होतं "पेशी प्रथिनं दुरुस्त करतात", आणि तापमानाचं काय करायचं ते त्याला कळत नाही.

शिवाय शास्त्रीय इंग्रजीला क्रियांची नामं करायची भारी हौस. 'पेशी वाढल्या' असं न म्हणता 'पेशींची वाढ' म्हणायचं आणि पुढच्या वाक्यात त्या वाढीलाच कर्ता करायचं. हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ लिहिलंय. कोणी काय केलं हे त्या नामात दडून जातं.

म्हणून माझं म्हणणं, रोज तीन वाक्यं घ्या. मुख्य क्रियापदाखाली रेघ मारायची, त्याच्या कर्त्याला कंस करायचा, आणि नामात दडलेली क्रिया उलगडून साध्या वाक्यात सांगायची. दहा मिनिटांत होतं.

खडूवाली

@पाणिनीचा_शेजारी, हे आमच्या यादीत कुठेच नाही. व्याकरणाचा तास वेगळा आणि वाचनाचा वेगळा, आणि व्याकरणात अजून काळ आणि प्रयोगच चालू आहेत.

सेवानिवृत्त

सर्वांचे वाचले. मुलांनी वाचले किती, हे कोणीच विचारीत नाही याचे नवल वाटते. आठवड्याला एक उतारा! एवढ्यावर वाचन येईल कसे?

मायकेल वेस्ट हे गृहस्थ १९२०च्या दशकात ढाक्याला शिक्षक घडवण्याचे काम करीत होते. त्यांचे म्हणणे होते की परक्या भाषेत बोलण्याआधी वाचता येणे अधिक उपयोगाचे, आणि त्यासाठी मर्यादित शब्दांत लिहिलेली पुस्तके हवीत. पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची यादी प्रसिद्ध झाली. आजही सोप्या पुस्तकांच्या पायऱ्या त्याच मार्गाने रचल्या जातात. मुलांना आवडेल ते, सोपे, भरपूर वाचू द्या. प्रश्न विचारू नका. कौशल्ये आपोआप येतात.

आकडेमोड

सेवानिवृत्त सर, भरपूर वाचनाला अनुमोदन. पण 'आपोआप' ला नाही. नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला होता: कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं ९८ टक्के ओळखीच्या शब्दांनी वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं म्हणजे एक कुटुंब) लागतात. दोन हजारांवरून तिथपर्यंत निव्वळ गोष्टी वाचत जायचं तर पदवी हातात पडून जाईल. मधला टप्पा मुद्दाम शिकवावा लागतो. एव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दांची यादी आहे, ५७० शब्दकुटुंबांची. वेस्ट यांच्या यादीबाहेरचे, पण सगळ्याच विषयांत भेटणारे शब्द. शैक्षणिक मजकुरातले साधारण १० टक्के शब्द एवढ्याच यादीतून येतात. इतक्या कमी कष्टात इतका परतावा दुसरीकडे कुठे नाही.

सेवानिवृत्त

याद्या पाठ करून वाचक झालेला मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही.

शंकासुर

आणि गोष्टी वाचून आपोआप संख्याशास्त्राचं पुस्तक कळलेला मी पाहिलेला नाही. १-१. पुढे?

मधला_बाक

मी शिकणाऱ्यांपैकी. दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे जखम ताजी आहे. :)

शब्दांची यादी आम्हालाही होती. परीक्षेपुरती पाठ झाली आणि गेली. मला फरक पडला तो वेगळ्याच कारणाने. एका सत्रात झोप आणि स्मरणशक्ती या एकाच विषयावर प्रकल्प करायचा होता. पहिला लेख भयानक गेला, दर ओळीला शब्दकोश. दुसऱ्यात तेच शब्द पुन्हा भेटले, तेच प्रयोग वेगळ्या तोंडाने सांगितलेले. चौथ्या-पाचव्या लेखाला लक्षात आलं की मी शब्द शोधतच नाहीये, उलट "हा माणूस आधीच्या लेखाच्या विरुद्ध बोलतोय" असं मनात येतंय. कॉलेजमधलं वाचन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आणि वर्गात? सोमवारी पेंग्विन, बुधवारी पिरॅमिड, शुक्रवारी प्लास्टिक. दर उताऱ्याला नवं जग, नवे शब्द.

पाणिनीचा_शेजारी

मधला_बाक यांचा प्रतिसाद सोन्याचा आहे. पूर्वज्ञान किती काम करतं याचा १९८८ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, रेक्ट आणि लेस्ली यांचा. सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे निघाली. मुलं आपल्याच भाषेत वाचत होती हे खरं, पण परक्या भाषेत हा आधार सोडून देणं आणखी महागात पडेल.

वेगवान

मी ते मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणारं अ‍ॅप लावलं होतं. एक एक शब्द स्क्रीनवर चमकत जातो. मुलांना तेच का देत नाही? वेळ वाचेल.

आकडेमोड

त्याचा फायदा फक्त अ‍ॅपवाल्यांना. ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशोब केला: इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्दांच्या आसपास. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वेगवाचनाचे दावे तपासले. वेग फार वाढवला की समज कमी होते, हाच त्यांचा निष्कर्ष. शिवाय त्या अ‍ॅपमध्ये डोळा मागे नेता येत नाही आणि अवघड वाक्यात तर मागे जाऊन बघावंच लागतं.

वेग नको असं नाही. मिनिटाला ऐंशी-नव्वद शब्दांनी रखडत वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटी सुरुवात आठवत नाही. पण त्याचा सराव अगदी सोप्या मजकुरावर करायचा, एकही नवा शब्द नसलेल्या. घड्याळ लावून वाचायचं, वेळ टिपून ठेवायची, दोन-चार प्रश्न सोडवायचे, पुढच्या तासाला पुन्हा. सेवानिवृत्त सरांची सोपी पुस्तकं इथे हुकमी कामाची आहेत.

सेवानिवृत्त

एवढे मान्य केलेत, आभारी आहे.

वेगवान

अ‍ॅप काढून टाकलं. पैसे परत मिळत नाहीत, विचारलं.

तळटीप

उशिरा आले, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही. "मुख्य विचार पहिल्या वाक्यात असतो" असं शिकवतात ना, त्याने मुलांचं जेवढं नुकसान होतं तेवढं शब्द न कळल्याने होत नसेल.

मी शोधनिबंध तपासते, नवख्यांची टिपणं वाचते. सगळ्यात जास्त दिसणारा गोंधळ कोणता? लेखक ज्या मताचं खंडन करतोय, तेच मत मुलं लेखकाच्या नावावर खपवतात. कारण शैक्षणिक परिच्छेद पुष्कळदा दुसऱ्याच्या मताने सुरू होतो. 'असं सर्वसाधारणपणे मानलं जातं की...', 'आजवर संशोधकांनी असं गृहीत धरलं की...'. मग तीन वाक्यं त्या मताच्या समर्थनार्थ. मग एक छोटासा 'हाउएव्हर'. लेखक खरा बोलायला लागतो तो तिथून! ज्याला पहिलं वाक्य म्हणजे मुख्य विचार असं शिकवलंय, तो तिथपर्यंत पोहोचण्याआधीच उत्तर लिहून मोकळा.

त्यामुळे मी नवख्यांना दोनच प्रश्न देते. हे वाक्य कोणाचं आहे, लेखकाचं की दुसऱ्या कोणाचं? आणि ते इथे कशासाठी आलंय: दावा, पुरावा, उदाहरण, शंका की माघार? समासात एका शब्दात लिहायचं. 'दुसऱ्याचा दावा', 'पुरावा', 'पण', 'लेखकाचा दावा', 'माघार'. माघार म्हणजे शेवटी लेखक थोडा सांभाळून घेतो ते: हे अमुकच परिस्थितीत खरं, अजून तपासायला हवं, वगैरे. ते शब्द मुलं गाळतात आणि लेखकाने केलेल्या सावध सूचनेचा ठाम सिद्धांत करून टाकतात.

याला भारी शब्दसंग्रह लागत नाही. 'हाउएव्हर'सारखे वाक्यं जोडणारे शब्द मोजकेच आहेत, आणि पानोपानी तेच.

खडूवाली

@तळटीप ताई, हे फार नेमकं सांगितलंत. परिच्छेदातलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवतात म्हणाले ना, ते नेमकं पहिलंच वाक्य असतं!

सायली_वाचते

पिवळ्या मार्करचं काय? आमच्या हॉस्टेलात पुस्तकं अशी रंगवलेली असायची की न रंगवलेलं वाक्य उठून दिसायचं.

आकडेमोड

डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. अधोरेखन आणि मार्कर कमी उपयोगाच्या गटात गेले. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोड्या थोड्या दिवसांनी वाटून करणं, या दोन पद्धती वरच्या गटात.

मधला_बाक

माझा मार्कर कालच संपला होता. नवा आणत नाही.

अवलिया७७

सगळं ठीक आहे, पण आताची मुलं लेख एआयला देतात आणि सारांश घेतात. तुम्ही कर्त्याला कंस करायला सांगताय. कोण करणार?

तळटीप

अवलिया, तो सारांश बरोबर आहे की नाही हे कोण ठरवणार? मी याच गोष्टीचा तास करते. मशीनचा सारांश आणि मूळ परिच्छेद शेजारी ठेवायचे. कुठली माघार गळली, दुसऱ्याचं मत लेखकाच्या तोंडी कुठे घातलं, ते शोधायचं. सारांश बिनचूक निघाला तर तसं सिद्ध करा म्हणते. चूक शोधायला मुलं जितक्या हौसेने वाचतात तितकी उत्तर शोधायला वाचत नाहीत.

अवलिया७७

हे चालेल. काडी टाकायला आलो होतो, पण ठीक आहे.

शंकासुर

अवलिया, टमकी लडबडली का?

अवलिया७७

भुरकावल्याशिवाय नाही.

पाणिनीचा_शेजारी

धागा भरकटायच्या आत मूळ प्रश्नाकडे. खडूवालींनी विचारलं होतं, कौशल्यं की शब्दसंग्रह. हा वाद जुना आहे. चार्ल्स ऑल्डरसन यांनी १९८४ मध्येच विचारलं होतं: परक्या भाषेतलं वाचन अडतं ते वाचनामुळे की भाषेमुळे? मला पटणारं उत्तर असं की भाषेचा एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे अडचण मुख्यतः भाषेची आणि आपल्या भाषेत कमावलेली वाचनाची सवय तिथे कामी येत नाही. उंबरठा ओलांडला की ती सवय उपयोगी पडू लागते. घोळ एवढाच की हा उंबरठा मजकुरागणिक हलतो. तोच मुलगा झोपेवरच्या पाचव्या लेखात उंबरठ्याच्या पलीकडे आणि अर्थशास्त्राच्या पहिल्या लेखात अलीकडे.

तेव्हा आधी एवढं तपासा की दिलेला मजकूर त्याच्यासाठी कुठे पडतो. टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेली क्लोझ पद्धत सोपी आहे. पहिलं वाक्य तसंच ठेवा, पुढे दर पाचवा शब्द गाळा, भरायला सांगा. निम्म्याच्या आसपास जागा भरता आल्या तर तो मजकूर मदतीने शिकवण्याजोगा. एखाद-दुसरीच भरता आली तर कौशल्य गुंडाळून ठेवा, सोपा मजकूर द्या.

सेवानिवृत्त

क्लोझ आम्ही करीत असू. मुलांना कोडे वाटते, परीक्षा वाटत नाही. पण एक सूचना. भरलेला शब्द मूळ शब्द नसला तरी अर्थाने बसला तर मुलांसमोर तो चुकीचा म्हणू नये.

खडूवाली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. 'सगळा वेळ शब्दांना' हे माझं मत आता तेवढं कडक राहिलेलं नाही, पण दर आठवड्याला एक कौशल्य हेही चालवणार नाही. पुढच्या सत्रात एकच विषय सहा आठवडे घेते, एका विषयावरचे पाच-सहा लेख, सोप्याकडून अवघडाकडे. कॉक्सहेड यांच्या यादीतले त्या लेखांत येणारे तेवढेच शब्द. रोज दहा मिनिटं रेघ आणि कंस. आणि तळटीप ताईंच्या समासातल्या नोंदी.

अडचण परीक्षेची. विभागाचा पेपर तोच राहणार: अनोळखी उतारा, दहा प्रश्न. एक विषय सहा आठवडे घेतला तर बाकीच्या विषयांवरच्या उताऱ्याला मुलं उघडी पडतील, असं सहकारी म्हणतील. आणि त्यात तथ्य आहे.

आकडेमोड

रेघ-कंस आणि 'हे वाक्य कोणाचं' हे कुठल्याही उताऱ्याला लागू पडतं. विषयाचं ज्ञान सोबत जाणार नाही, ही सवय जाईल. तरी शेवटच्या दोन आठवड्यांत वेगवेगळे उतारे घ्याच, गाफील राहू नका.

मधला_बाक

मॅडम, मुलांच्या बाजूने एक. सहा आठवडे एकच विषय असेल तर तो मुलांना निवडू द्या. आम्हाला झोप मिळाली होती म्हणून निभावलं. शेजारच्या तुकडीला सांडपाणी प्रक्रिया होती.

शंकासुर

झोपेवरचे लेख वाचताना जागे राहिलात, हेच यश.

तळटीप

परीक्षेबद्दल. दहापैकी दोन प्रश्न तरी बदलून मागा. "चौथ्या ओळीतलं मत कोणाचं आहे?" आणि "शेवटच्या वाक्यात लेखक आपल्या दाव्याला कुठली मर्यादा घालतो?" दोन्हींची उत्तरं एका ओळीत येतात, त्यामुळे तपासायला जड नाही. आणि उताऱ्यातलं वाक्य उचलून भागत नाही. विभागाची बैठक कधी आहे?

खडूवाली

शुक्रवारी. हे दोन प्रश्न नेते.